कानपिळीचा मान

लग्नात नवरदेवाचा कान नवरीच्या भावानं पिळायचा असतो. मला भाऊ एकच, योगीराज. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर घेतो, वीस शेळ्या एकट्यानं सांभाळतो. तरी कळंबचे पाहुणे परवा बेंबळीला आमच्या घरी आले, ते नेमका हाच मान काढून घ्यायला.

"पाव्हणं, कान चुलतभावाला पिळू द्या," माझे होणारे सासरे रामहरी माझ्या वडलांना, अण्णांना म्हणाले. "योगीराजला त्या दिवशी तामलवाडीला धाडा. चार लोकांत कायतरी इपरीत नको."

अण्णांनी मान डोलावली. योगीराज समोरच चहा देत होता, आणि तो काही बहिरा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग रामहरींना योगीराजच्या मेंदूची फिल्म बघायची हुक्की आली. गेल्या वर्षी सोलापूरला या आजारातल्या मेंदूच्या रचनेवर संशोधन चाललं होतं. योगीराजनं आपणहून नाव दिलं. तुलनेसाठी निरोगी भावंड हवं होतं, म्हणून मीही त्याच्यासारखी एमआरआयच्या यंत्रात झोपले. अण्णांनी कौतुकानं ही गोष्ट सगळीकडं सांगितली होती, आणि दोघांच्या फिल्म एकाच पाकिटात ठेवल्या होत्या.

रामहरींनी हाताला लागली ती फिल्म काढून खिडकीशी धरली. बाजारात बैलाचे दात बघावेत तशी बघितली.

"हे बघा, मधी काळं हाय का न्हाय? पोकळ झालंय पोराचं डोकं."

तशी पोकळी प्रत्येकाच्या डोक्यात असते. शेकडो माणसांची सरासरी काढली तर थोडा फरक दिसतो, एका फिल्मवरून कुणाला आजारी ठरवता येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालेल्या माणसाला कोण सांगणार?

मी उठले आणि फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव वाचून दाखवलं. निकिता बब्रुवान.

"मामा, ते माझं डोकं हाय."

त्यांनी फिल्म घाईनं खाली ठेवली. "आसं आसंल तर लग्नाचं इचार करून कळवतो," म्हणाले. नवरदेव रणधीर मोबाइलमधून मान वर काढेना.

अण्णांनी हात जोडले. "पोरीचं डोकं चांगलं हाय ओ."

म्हणजे पोराचं वाईट. मी अण्णांचे हात धरून खाली केले.

"कान माझा भाऊच पिळणार," मी रामहरींना म्हणाले. "कुणाचा पिळायचा, ते आता मी ठरवते. चहा झाला आसंल तर निघा."