टर्नरचा ताशी दर

आसारामने केबिनमधली त्यातल्या त्यात बरी खुर्ची स्वतः उचलून आणली आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसून पाहुण्यांपुढे ठेवली. मालक पुण्याला गेले होते. नागापूरच्या त्या छोट्याशा वर्कशॉपचा कारभार आज या फोरमनच्याच गळ्यात होता.

"बसा. चा सांगितलाय. लांबून आलात."

"लांबून कुठलं, नगरातूनच आलो," पाहुणे पिशवीतून कागद काढत म्हणाले. "टर्नर किती तुमच्याकडे?"

"एकच. पर हातात लई सफाई."

तो एक म्हणजे रविराज. तेहतिशी उलटली तरी बिचाऱ्याचे दोनाचे चार हात होत नव्हते; दोनदा जुळता जुळता फिसकटले होते. हल्ली मुलीकडचे जमिनीआधी पगार बघतात आणि सरळ कंपनीत येऊन चौकशी करतात. कर्जतची माणसे आज येणार असा मध्यस्थाचा निरोप होता. म्हणून रविराज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि काचेपलीकडे लेथच्या यंत्रावर वाकून उगाचच तोच तो कातलेला जॉब तपासत होता.

"ताशी किती पडतात त्याला?"

ताशी? आसारामला नवल वाटले. पण चौकशीची माणसे आता पगाराची स्लिपसुद्धा मागतात, मग तासाचे विचारले तर बिघडले कुठे? खरा दर नव्वदचा होता. रविराजला हाताला धरून त्यानेच लेथवर उभे केले होते, पोटच्या पोरासारखा जीव होता त्याच्यावर.

"दीडशे," तो पापणीही न हलवता म्हणाला.

पाहुण्यांनी लिहून घेतले. उघड्या दाराबाहेरच्या बाकावर वॉचमनने एका बाईंना आणून बसवले होते, मांडीवर पिशवी घेऊन त्या गप्प बसल्या होत्या. जेवणाचे डबे आणणारी कुणी असेल म्हणून आसारामने तिकडे लक्ष दिले नाही.

"बरं, आणि हेल्परला?"

"त्याचं कशाला? त्याचं लगीन झालंय."

पाहुणे त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी शर्टाआड गेलेले ओळखपत्र बाहेर काढले. कारखान्यांतल्या मजुरीची सरकारी पाहणी. खाली नाव, शलमोन साळवे. कर्जतच्या त्या पाहुण्यांत ख्रिस्ती शलमोन कुठून असणार? आसाराम ओशाळला.

"मला वाटलं, तुमी पोराच्या चौकशीला आलात. कर्जतवाल्यांकडनं."

"कर्जतवरनं मी आलेय," बाकावरच्या बाई म्हणाल्या. "मुलीची आई. बायडाबाई."

त्यांनी सगळे ऐकले होते. दीडशेसुद्धा.

आता गप्प बसले की लग्न जुळल्यातच जमा, हे आसारामला कळत होते. शलमोन साळव्यांनी पेन दीडशेवर टेकवले.

"मग हेच कायम ठेवू? नाही म्हणजे, हे आकडे एकत्र होऊन वर सरकारकडे जातात. कामगाराचं किती वाढलं, ते तिकडे यावरूनच बघतात. इथे दीडशे दिसले, तर तुमच्या माणसाचं बरं चाललंय असंच समजणार."

चहा आला. आसारामने तो घेतला नाही. काचेपलीकडे रविराजने लेथ बंद केला होता आणि कॉटन वेस्टच्या बोळ्याने एकेक बोट पुसत तो इकडेच बघत होता. पोराची आशा आपल्या एका शब्दावर लटकलीय, हे आसारामला दिसत होते. पण नव्वदचे शंभर व्हावेत म्हणून मालकापुढे दर दिवाळीला तोंड वेंगाडणारा तोच होता; कागदावर दीडशे गेले, तर ते शंभर कोण देणार?

"नव्वद लिहा," तो म्हणाला. बाईंकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. "टर्नरला ताशी नव्वद. लगनासाठी वाढवून सांगितलं हुतं."

साळव्यांनी आकडा खोडला आणि नवा लिहिला. बायडाबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मंग माजंबी ऐका. माज्या निकिताला तिच्या कंपनीत पंचावन्न पडत्यात. मध्यस्थाला आमी ऐंशी सांगितलेत."

साळव्यांचे पेन तसेच हातात होते. "कोणती कंपनी म्हणालात?"

"ते मागनं लिहा, सायेब," बायडाबाई पदर सावरून उठल्या आणि काचेकडे वळल्या. "आदी पोराला भायेर बोलवा."