माझ्या पोटात नसलेले दोन कॉलम

मित्रांनो, भिंतीला कान असतात असं तुम्ही ऐकलं असेल. असतात, मी खात्रीनं सांगते. अडचण एवढीच, की तोंड नसतं. आज बोलते आहे ती गोष्टीतली सवलत घेऊन. ही सवलत मला मार्च महिन्यातल्या त्या गुरुवारी मिळाली असती, तर एका घराचा जीव टांगणीला लागला नसता.

मी शिरूर अनंतपाळमधल्या शरणप्पा कोरे यांच्या घरातली मधली भिंत. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मधे मी. चौदा इंच जाड, दीड विटेची. घरातल्या बाकीच्या भिंती माझ्यापुढे पापड. शेजारीपाजारी मला पाहून म्हणायचे, "आप्पा, किल्लाच बांधलाव की." तेव्हा मलाही बरं वाटायचं. पण त्या जाडीमागे एक खोटं होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

माझा जन्म त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचा. शरणप्पांची बायको सिद्धम्मा, तिच्या माहेरी त्या पहाटे मातीचं माळवद खाली आलं आणि तिची आई दगडमातीखाली गेली. त्यानंतर अडीच वर्षं सिद्धम्मा कोणत्याही छताखाली झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड होतं, तिथं बाज टाकून ती राहायची. पाऊस असो की थंडी, तिचं एकच म्हणणं, "कॉलमचं घर बांधा, तरच मी आत येते."

शरणप्पा भांड्यांचे व्यापारी. शब्दाचा माणूस म्हणून बाजारात नाव. त्यांनी आठ कॉलमचं घर काढलं. बाहेरचे सहा उभे राहिले. मधल्या दोघांचे खड्डेही खणून झाले. पण त्या वर्षांत सगळा मुलूखच घरं बांधत होता. सळई बांधणारे कारागीर हातापाया पडूनही मिळत नव्हते. इकडे शिवरात्रीच्या आधीचा गृहप्रवेश ठरलेला, मठातले महाराज येणार, पत्रिका वाटून झालेल्या. वाटलेली पत्रिका परत कशी घ्यायची? शरणप्पांनी किशनराव मिस्त्रींना सांगितलं, खड्डे बुजवा, दगडाचा पाया घ्या आणि वर जाड भिंत चढवा. पंधरा दिवसांत मी उभी राहिले आणि माझ्या डोक्यावर स्लॅब पडला.

गृहप्रवेशाच्या दिवशी सिद्धम्मा उंबऱ्यात थांबली. तिनं घरभर नजर फिरवून विचारलं, "मधले दोन कॉलम कुठं हायत?"

शरणप्पा म्हणाले, "हिच्या पोटात. म्हणून तर एवढी जाड हाय."

सिद्धम्मानं माझ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि ती आत आली. त्या रात्रीपासून ती माझ्या कडेलाच बाज लावून झोपू लागली. मित्रांनो, माझ्या पोटात विटांखेरीज काही नव्हतं. विटा मात्र खणखणीत भाजलेल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. मी मनाशी ठरवलं, कॉलम नसले तरी कॉलमचं काम करायचं.

आणि मी ते केलं. पुढे संगमेशचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा वर एक खोली चढली. तिची भिंतही माझ्याच डोक्यावर आली. मी कुरकुरले नाही. पाहुणे आले की शरणप्पा बोटाच्या पेरानं मला ठोकून दाखवायचे, "पोटात कॉलम हायत." पहिली काही वर्षं हे बोलताना त्यांची नजर खाली जायची. मग जाईनाशी झाली. किशनराव मिस्त्री वारले, आणि खरं जाणणारा माणूस एकच उरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटतं, शेवटी शेवटी आप्पांना स्वतःलाही ते कॉलम दिसत असावेत.

संगमेशची बायको दामिनी उदगीरची. मोकळ्या, हवेशीर घरातून आलेली. इथं तिच्या वाट्याला माझ्या मागचं स्वयंपाकघर आलं. एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली. दिवसाही दिवा लावावा लागायचा. मिरचीची फोडणी दिली की धूर तिथंच घुटमळायचा. बैठकीत पाहुणे हसायचे, गप्पा मारायचे, आणि दामिनी माझ्याकडे तोंड करून भाकरी थापायची. बोलायला कुणी नसलं की माझ्याशी बोलायची. "काय म्हणून हसायलेत गं तिकडं?" असं विचारायची. मी दोन्हीकडचं ऐकत होते, पण सांगणार कशी? मला तिच्यापुढे लाज वाटायची. एका घरातल्या माणसांच्या मधे मीच तर उभी होते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीला घर सुधारण्याचं वेड लागलं. एकानं छताला पीओपी केलं, दुसऱ्यानं फरशी उखडून टाइल्स बसवल्या, तिसऱ्यानं ओटा वळवून स्वयंपाकघर बैठकीला जोडलं. रोज कुठं ना कुठं कटर ओरडायचा. घर पाहावं बांधून म्हणतात, आता लोक घर पाहतात फोडून. मी चेष्टा करते, पण त्या घरांतल्या बायकांचे चेहरे उजळलेले मी बैठकीच्या खिडकीतून पाहिले आहेत. हौसेत नुसती हौस नसते, कधी कधी अनेक वर्षांची घुसमटही असते.

मग एक दिवस जेवताना दामिनीनं विषय काढला. मधली भिंत काढायची, स्वयंपाकघर मोकळं करायचं. संगमेश लगेच तयार झाला. "कॉलम तेवढे ठेवू. मधल्या विटा काढल्या की झालं. घर तर कॉलमचंच हाय."

शरणप्पांनी घास ताटात ठेवला. "राहू दे ना भिंत," ते म्हणाले. "घराची लक्ष्मी हाय ती."

"आप्पा, लक्ष्मीला बी हवा लागती," दामिनी म्हणाली, आणि सिद्धम्माही हसली. तिचाही खोकला त्या धुरानं वाढला होता. "फोडू द्या की," ती म्हणाली. "कॉलम हायत तोवर मला घोर न्हाई."

त्यानंतरचे आठ दिवस शरणप्पा माझ्यापुढे येरझारा घालत होते. दोनदा त्यांनी संगमेशला हाक मारली आणि दोनदा "काही न्हाई, जा" म्हणून परत पाठवलं. बाजारात ज्याचा शब्द चालतो, त्याला घरात एक वाक्य उच्चारता येईना. मला त्यांचा राग आला. कीवही आली, पण राग जास्त.

गुरुवार उजाडला. दामिनीची मुलं शाळेत गेली, संगमेश दुकानात. नव्या टाइल्सची खोकी खाली अडचण नको म्हणून आदल्या दिवशीच वरच्या खोलीत नेऊन रचली होती, नेमकी माझ्या डोक्यावर. बसवंत मिस्त्री आणि त्याचा जोडीदार घण-छन्नी घेऊन आले. बसवंत पोरगा कामाचा होता, पण जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवणारा. आधी कॉलम कुठं आहेत ते शोधायचं, मग मधलं काढायचं, असा त्याचा बेत होता.

"आप्पा, कॉलम नेमका कुठं हाय?" त्यानं विचारलं.

मित्रांनो, हीच ती वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. शरणप्पांनी हात वर केला आणि माझ्या उजव्या बाजूला बोट दाखवलं.

बसवंतनं तिथं गिलावा काढला. छन्नी आत गेली. वीट, मग वीट, मग आणखी वीट. "हितं न्हाई की."

"जरा डावीकडं असंल," शरणप्पा म्हणाले.

दुसरं भगदाड पडलं. तिथंही विटाच. बसवंतनं कपाळाला हात लावला. "आप्पा, नीट आठवा बरं."

"आजून थोडं डावीकडं."

तिसऱ्या भगदाडाला सुरुवात झाली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. अठ्ठावीस वर्षं जो भार मी अंगभर वाटून घेतला होता, तो आता भगदाडांच्या मधे उरलेल्या अरुंद पट्ट्यांवर गोळा होत होता. घणाच्या प्रत्येक घावाला वरचा स्लॅब मला जाणवत होता. वरची खोली, तिची भिंत, ती खोकी, सगळं. दुसऱ्या भगदाडाच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली आणि वर सरकू लागली. धूळ एवढी होती, की ती कुणाला दिसली नाही.

आणि माझ्या पायाशी सिद्धम्मा बसली होती. सूप मांडीवर घेऊन मेथी निवडत होती.

दामिनीनं सासूला अंगणातून हाक मारली, "अव्वा, बाहेर या, लई धूळ हाय."

"असू दे गं. हितं मला काय होतंय? पाठीशी कॉलम हायत."

मी जे करू शकत होते तेवढं केलं. विटा घट्ट धरून ठेवल्या. तरी चिरेतून वाळू सुटली आणि सिद्धम्माच्या सुपात पडली. तिनं ती फुंकून टाकली. परत पडली. शरणप्पांनी ते पाहिलं. त्यांची नजर वाळूच्या धारेवरून वर गेली आणि चिरेवर थांबली.

"बसवंत, घण खाली ठेव," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक होता, की त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "घण ठेव म्हणालो न्हवं. कॉलम न्हाईत. कुठंच न्हाईत."

बसवंतनं वर पाहिलं आणि तो समजायचं ते समजला. जोडीदाराला म्हणाला, "पळ, सेंट्रिंगवाल्याकडून बल्ल्या आण. मिळतील तेवढ्या आण."

सिद्धम्मा मात्र हलली नाही. "मला उठवायला काहीबी सांगायलाव का?"

"खरं सांगायलोय. त्या येळी मी खोटं बोललो. ऊठ तू."

"तुम्ही खोटं बोलत नसताव," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण इथं गोटा भलत्याच्याच कपाळी बसायची वेळ आली होती. चीर आणखी बोटभर सरकली. एक वीट माझ्यातून निसटली आणि सिद्धम्मापासून हातभर अंतरावर फुटली.

शरणप्पा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. सत्तरीच्या माणसाला खाली बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. "मग मीबी बसतो," ते म्हणाले. "पडली तर दोघांवर पडंल. पण ऐक, तुझ्या पाठीशी नुसत्या विटा हायत. मी खड्डे बुजवले. तुला आत आणायचं होतं, दिवस गाठायचा होता. मी बुजवले."

सिद्धम्मानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, मला हात न लावता उठली आणि बाहेर गेली. शरणप्पांना बसवंतनं काखेत हात घालून उठवलं.

पुढचा तास सगळे राबत होते. बल्ल्या आल्या. बसवंतनं माझ्या दोन्ही अंगांना स्लॅबला टेकू लावले, खाली पाचरी ठोकल्या. दामिनीनं गल्लीतल्या बायांना बोलावलं आणि जिन्यावर साखळी करून सगळी खोकी अंगणात उतरवली. पहिल्या टेकूनं भार घेतला तेव्हा मला रडू आलं असतं, जर भिंतींना रडता आलं असतं.

सिद्धम्मानं त्याच दुपारी आपली बाज अंगणातल्या शेडमध्ये नेली. त्या शेडमध्ये आता मोडकी भांडी होती, ती तिनं स्वतः बाजूला सारली. नवऱ्याशी ती बोलेना. संगमेशनं बापाला खूप सुनावलं, तेही त्यांनी मान खाली घालून ऐकलं. पण त्याचं त्यांना फारसं लागलं नसावं. रोज सकाळी ते शेडमध्ये चहा घेऊन जायचे. ती कप घ्यायची आणि तोंड फिरवायची. ते लागायचं.

लातूरहून इंजिनिअर आला. जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते आता झालं. त्यानं घर मोजलं आणि सांगितलं, आधी दोन कॉलम पायापासून घ्या, त्यांवर बीम टाका, तो पक्का झाला की खुशाल भिंत काढा. सूनबाईंचं म्हणणं बरोबर आहे, या घराला उजेड पाहिजेच.

खड्डे खणले गेले. सळई बांधायची वेळ आली तेव्हा सिद्धम्मा शेडमधून खुर्ची घेऊन आली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. काँक्रीट ओतेपर्यंत हलली नाही. दोन्ही कॉलमच्या वेळी तेच, बीमच्या वेळी तेच. महिन्याभरानं सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या तेव्हा ती आत आली आणि दोन्ही कॉलमवर हात फिरवला.

शरणप्पा दारात उभे होते. "आता तरी आत झोपशील का?" त्यांनी विचारलं.

"झोपंन," सिद्धम्मा म्हणाली. इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून झोपंन. तुम्ही सांगितलाव म्हणून न्हाई."

शरणप्पांनी मान हलवली. त्यांनी काही मागितलं नाही आणि तिनं काही दिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं महाग घर कुणाला पडलं नसेल.

बीमनं भार घेतला आहे. माझ्या डोक्यावर आता काही नाही. उद्या सकाळी बसवंत मला काढणार. काल दामिनी ओटा आवरताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "राग मानू नको गं." मी राग कशाला मानू? माझ्या जागी उजेड येणार आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमचं घर होईल. ते जरूर सुधारा, खिडक्या मोठ्या करा, अंधारात राबणाऱ्या माणसाला मोकळी जागा द्या. फक्त पहिला घाव घालण्याआधी, कुणाच्या डोक्यावर काय आहे ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. नुसत्या घरात ऐकलेल्या गोष्टींवर विसंबू नका. आणि कधी तुम्हालाच कुणी विचारलं, की कॉलम कुठं आहे, तर भलतीकडे बोट दाखवू नका. मी अठ्ठावीस वर्षं दोन गोष्टी पेलल्या, एक स्लॅब आणि एक खोटं. त्यातला स्लॅब हलका होता.