सातवी आसरा

पुणतांब्याचा गहिनीनाथ दगडांचा अभ्यास करून एम.एस्सी. झाला, तेव्हा गाव पोट धरून हसलं. दगड काय, बांधावर हवे तेवढे! पण गड्याच्या डोक्यात युरोप शिरला होता. तिकडच्या विद्यापीठांना तो पत्रांवर पत्रं धाडायचा. उत्तरं मोठी गोड यायची: प्रवेश देऊ, पैशांचं तुमचं तुम्ही बघा. पैसे असते तर एवढ्या विनवण्या कशाला केल्या असत्या त्यानं!

बहात्तरच्या उन्हाळ्यात एका जर्मन प्राध्यापकाचं उत्तर आलं. विहिरींना झरे कुठल्या थरातून फुटतात, यावर पीएच.डी. करायला त्यांच्याकडे एक जागा होती, पगारासकट. अट एवढीच, की झऱ्याच्या तोंडचा दगड आधी पाठवायचा.

गोदावरी आटली होती. पाणी होतं ते फक्त गहिनीनाथाच्या मळ्यातल्या विहिरीत, आणि निम्मं गाव तिथं घागरी बुडवत होतं. तळाला हात लागणं शक्य नव्हतं. पण आजोबांनी विहीर खोदली, तेव्हा झऱ्याच्या तोंडचेच सात दगड काढून, शेंदूर लावून विहिरीच्या कोनाड्यात मांडले होते. त्या साती आसरा, पाणी राखणाऱ्या बहिणी. त्याची आई रतनबाई दर अमावस्येला त्यांची ओटी भरायची.

गहिनीनाथानं शेवटचा दगड उचलला, शेंदूर खरवडला आणि बांधावरचा तसाच एक धोंडा शेंदूर फासून जागेवर ठेवला. पार्सल विमानानं गेलं.

अमावस्येला रतनबाई पूजेहून आली ती ओटीचं ताट तसंच घेऊन.

"गहिनी, सहा जनींना घाम सुटलाय. सातवी कोरडी ठाक हाय. आन् बाकीच्या तिच्याकडं पाठ करून बसल्यात."

दगडाला कसली आली पाठ? तो मुद्दाम बघायला उतरला. आईचं खरं होतं. कसं, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानंतर पाणी हटत गेलं. एका सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या, आणि त्याच आठवड्यात जर्मनीचं पत्र आलं.

'तुमचा दगड वाळत नाही,' प्राध्यापकांनी लिहिलं होतं. 'पुसून ठेवला तरी सकाळी टेबलावर पाण्याचं थारोळं असतं. असं मी कधी पाहिलं नाही. जागा तुमची. तिकीट पाठवतो, लवकर या.'

ज्यासाठी एवढा जीव टाकला, ते हातात आलं आणि त्याला रडूच फुटलं. त्यानं आईला सगळं सांगितलं.

निघायच्या दिवशी तिनं ट्रंकेत हिरव्या बांगड्या, खण आणि नारळ ठेवला.

"हे कुनासाठी?"

"परक्या मुलखात एकली हाय ती. आदी तिची ओटी भर, पाया पड, आन् घरी चल म्हन."

"आई, त्या दगडापायीच तर मला जागा दिलीय. ते लोक तो परत कसा देतील?"

मळ्यातल्या कोरड्या विहिरीतून घागर बुडावी तसा आवाज आला. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही. रतनबाईनं ट्रंकेची कडी लावली.

"मग तिच्यापाशीच ऱ्हा," ती म्हणाली. "तिच्याबिगार तू माघारी यायचं न्हाई."