सुरीच्या पाठीवरचं बोट

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक सुरी — पातं अंदाजे सहा इंच, मूठ नारिंगी प्लास्टिकची, पात्याच्या पाठीवर तर्जनी ताठ ठेवलेली. मारोतरावांना आधी फक्त ते बोटच दिसलं. बोटाचा धनी आपला मुलगा आहे, सुरीखालचं ते तांबडं, पांढऱ्या पापुद्र्यानं मढलेलं म्हणजे एका जनावराची मांडी आहे, आणि हे सगळं कॅनडातल्या एका गॅरेजमध्ये, तिथं अजून न संपलेल्या शुक्रवारच्या संध्याकाळी चाललं आहे — हे एकेक करून मागाहून उमगलं.

बोट असं ठेवायला त्याला कुणी शिकवलं?

"बाबा, दिख रहा है ना? मूस आहे हा," प्रशिक म्हणाला. "सांबराचा मोठा भाऊ समजा, घोड्याहून उंच. तीन साल के बाद शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नंबर लागला माझा. परवा दलदलीत पाडला, तिथंच तुकडे केले, पाठीवर लादून आणले. आता फ्रीजर फुल, खाटकाकडे दहा दिवसांची लाइन, आणि इथं अचानक गर्मी. हे उरलेलं आज रातीच सुकवायला घ्यावं लागते."

शेजारचे रत्नाकरराव, मंत्रालयातून निवृत्त झालेले, शनिवारी चहाला येत. कप सावरत ते पडद्याकडे वाकले. "वा, रामटेके साहेब, राजेरजवाड्यांचा शौक केला की मुलानं. आमचे आजोबा जायचे एका संस्थानिकाबरोबर, नुसती बंदूक सांभाळायला. प्रशिक, येताना आम्हालाही आण थोडं. फक्त तुझ्या वीणाकाकूला कळू देऊ नकोस, ती मला स्वयंपाकघरातून हद्दपार करेल."

प्रशिक हसला. मग सुरी खाली ठेवून, अगदी सहज, बोलला — "बाबा, आजी सांगायची ना, आजोबा चान्या करायचे म्हणून. पट्ट्या कशा कापायच्या? मीठ किती? नेटवर सगळे अलग-अलग बोलतात. तुम्ही तर पाहिलं असेल."

चान्या... आई गेल्यापासून या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मरून पडलेल्या ढोराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. गावानं ज्यांच्या माथी ढोर ओढायचं काम मारलं, त्यांचं पावसाळ्यातलं अन्न.

"चान्या म्हणजे?" रत्नाकररावांनी विचारलं. कुत्सितपणा नव्हता, नुसतं कुतूहल. पण त्यांचा कप ओठांशी जाता जाता थांबला, आणि मारोतरावांना त्या थांबलेल्या कपाखेरीज काही दिसेना.

"काय माहीत," ते म्हणाले. "आपल्या घरी नव्हतं असं काही. तू यूट्यूबवर पाह्य."

पलीकडे प्रशिकनं सुरी पुन्हा उचलली. मग "हव," एवढंच.

रत्नाकरराव गेल्यावर मारोतरावांच्या पत्नी कांताबाई कप उचलायला आल्या. कप उचलला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काहून खोटं बोलले?"

"तुलेच तर पटलं नव्हतं. जीव घेतला म्हणून परवापासून बोलून राहिली."

"त्याचं वाईट वाटूनच राहिलं मले. पण घेतला, तर आता सडवाचा का? मी रेल्वेच्या क्वार्टरात वाढली, मी काही पाहिलं नाही. नाही तर मीच सांगतलं असतं पोट्ट्याले."

जीव घेतल्याची शरम तिची; ती स्वच्छ होती, पंचशीलाचा आधार असलेली. त्यांची शरम जीव गेल्यानंतरच्या कामाची, आणि तिला आधार म्हणून होता फक्त एक कप, ओठांशी थांबलेला.

धम्मदीक्षा घेऊन आलेल्या बापानं आपली सुरी वैनगंगेत टाकली होती. दहा वर्षांनी दुष्काळ आला, बैल पडला, घरात तीन दिवस चूल नव्हती. तेव्हा बापानं दुसऱ्याची सुरी मागून आणली. बारा वर्षांच्या मारोतीनं दोरी धरली होती. बापाची तर्जनी पात्याच्या पाठीवर ताठ, मनगट आतल्या आत वळणारं, पट्टी मांसाच्या धाग्याच्या दिशेनं सुटत जाणारी — करंगळीहून पातळ — मीठ लागलं की लगेच दोरीवर, कारण ढीग घालायचा नाही, ढीग झाला की मांस आपल्याच उबेनं आतून बिघडतं... आणि मान वर न करता बाप म्हणाला होता, "पाह्य, पण शिकू नको."

पुढं पॉलिटेक्निकमध्ये मास्तरांनी विचारलं, तापलेल्या सळ्या रचून ठेवल्या तर मधल्या उशिरा का थंड होतात. साऱ्या वर्गात एकट्या मारोतीचा हात वर गेला. उत्तर बरोबर आलं. "कुठं वाचलंस?" असं मास्तर म्हणाले तेव्हा तो मान खाली घालून वहीत लिहू लागला. मी शिकलो नाही, बाबा, मी फक्त पाहिलं — म्हणजे आज जे बोललो ते तुमची आज्ञा पाळणंच झालं की नाही? असं मांडून पाहिलं तर बेरीज जुळत होती. तरी ते ती पुन्हा पुन्हा मांडत राहिले.

दुपारी ते कुकरचं रबर आणायला गोल बाजारात गेले. भांड्यांच्या गल्लीतून चालताना मनात निरोप तयार होत होता: धाग्याच्या दिशेनं काप, पातळ काप, ढीग घालू नको. तीन वाक्यं, कुणाचं नाव नाही, नुसती पद्धत. पण पोरगा विचारणार, तुम्हाला कसं माहीत, आणि मग चौथं वाक्य लागणार... तिथं आता मध्यरात्र उलटली असेल. झोपला असेल; उगाच कशाला. ते एका स्थानिक दोरवाल्यासमोर थांबले होते.

"कतका चाही, कका?"

"पंधरा मीटर."

"कपड़ा सुखाए बर?"

"हव, कपड्यांसाठीच," मारोतराव म्हणाले. हेही खोटंच. रबर आणायचं राहून गेलं.

संध्याकाळी त्यांनी ती दोरी गच्चीवर बांधली, या खांबापासून त्या खांबापर्यंत, दाबून ताण तपासला, थोडी ढिली वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. रिकामी दोरी वाऱ्यानं हलत होती. कठड्यापलीकडे रत्नाकरराव तुळशीला पाणी घालत होते. मोबाइल वाजला, प्रशिकचा आवाजी निरोप. त्यांनी तो तिथंच लावला.

"बाबा, सगळं खराब झालं. रातभर कापून, मीठ लावून मोठ्या टबात भरून ठेवलं, म्हटलं सकाळी टांगू. सुबह देखा तो आतून गरम, वास सुटलेला. जाऊ द्या. तुम्हाला उगाच विचारलं मी, आपल्या घरी नव्हतंच तर तुम्ही काय सांगणार. आजी गोष्टी सांगायची, त्यातलीच एखादी असेल ती. तुमची सून रीना हसून राहिली मला."

पोरानं रागवायला हवं होतं. त्यानं तर विश्वास ठेवला. गोष्टीतली असेल... बापानं नदीत सुरी टाकली होती. मी आज तो हातच टाकला. सकाळपासून जी शरम बापाच्या हाताभोवती घोटाळत होती ती तिथून उठली, आणि मारोतरावांना कळलं की ती आता आपल्या सकाळच्या खोट्यावर येऊन बसली आहे.

"मूसचं काय झालं, साहेब?" पलीकडून रत्नाकररावांनी विचारलं.

मारोतराव आत गेले नाहीत. पाठही फिरवली नाही. पस्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये सकाळी पाऊल ठेवताच जो प्रश्न पहिला विचारला तोच त्यांनी मोबाइलमध्ये बोलून पाठवला — "किती वाया गेलं?" — आणि लगेच माइकचं बटण पुन्हा दाबून धरलं. सेकंद पुढं सरकू लागले. मोबाइलच्या पाठीवर त्यांची तर्जनी ताठ टेकली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ती काढली नाही. त्या चौथ्या वाक्याचे "माझे बाबा" एवढे दोनच शब्द तयार होते, आणि रत्नाकररावांच्या झारीतून पाणी पडायचं थांबलं होतं.

पडद्यावर प्रशिकचं उत्तर उमटलं.

एकतीस किलो.