व्हर्निसने दिलेला एफ

"एफ?" मी फॉर्म पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "व्हर्निस, बीजगणितापुढे तू एफ लिहिलंयस."

"माहितीये मला. माझंच अक्षर आहे ते."

"अगं, म्हणजे नापास!"

"मग एफचा दुसरा काही अर्थ असतो का, आयडेल?"

मे महिन्यातला मंगळवार होता. शनिवारी बारावीचा डिप्लोमा द्यायचा समारंभ. माझ्या टेबलामागे हँगरवर अकरा निळे गाऊन लटकत होते, त्यातल्या चौथ्याला लॅनी क्राउडरच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती. आणि लॅनीची आई माझ्यासमोर उभी राहून सांगत होती की ही मुलगी बारावी पास नाही.

आमची शाळा म्हणजे चर्चच्या मागची एक खोली. दोनशे मुलांची नावं माझ्या कपाटात होती, पण खोलीत बाक एकही नव्हता. मुलं आपापल्या घरी शिकायची, आई-बाप शिकवायचे, आणि कायद्याच्या दृष्टीनं ती आमच्या खाजगी शाळेत आहेत असं मी लिहून द्यायची. पुस्तकं कुठली, तास किती, आधी इतिहास की आधी गणित, यात आम्ही पडायचो नाही. वर्षभराची हजेरी द्या आणि शेवटी गुण द्या, एवढंच. गुण आईच देणार. ते खरे की खोटे, हे बघायला कुणी येत नसे.

लॅनी आठ वर्षांची असताना व्हर्निस पहिल्यांदा आली, तेव्हा हे सगळं मी तिला याच टेबलाशी सांगितलं होतं. पोरीला वर्गात फिट यायची. सरकारी शाळेनं काय केलं, तर तिला एका वेगळ्या खोलीत बसवून चार महिने चित्रं रंगवायला दिली. पाचव्या महिन्यात व्हर्निसनं तिचा डबा, दप्तर आणि लोकरी टोपी उचलली आणि तडक माझ्याकडे आली.

"पुस्तकं मीच निवडायची?" तिनं विचारलं होतं.

"तूच."

"आणि मी चुकीचं शिकवलं तर?"

"तर कुणाला कळणार नाही," मी हसून म्हणाले. बाकीच्या आया हे ऐकून सुटकेचा श्वास सोडायच्या. व्हर्निसचा चेहरा मात्र पडला. 'शिकवणाऱ्याचं शिक्षण' या रकान्यात तिनं 'नववी' लिहिलं, तेही पेन खूप दाबून.

ती मोज्यांच्या गिरणीत दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीत होती. तयार मोजे तपासायचे आणि सदोष असेल तो बाजूला काढायचा, हे तिचं काम. नवरा, डॉयल, कोंबड्यांचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून तीन दिवस घरी. सकाळी आठ वाजता मायलेकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या त्या दोनपर्यंत. पोरीला जे उद्या शिकवायचं, ते व्हर्निस आदल्या दिवशी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत स्वतः शिकायची. माझी चुलत बहीण तिथेच होती, ती सांगायची. बायका चिडवायच्या, "काय प्रोफेसरबाई, आज कुठला राजा मेला?" व्हर्निस सँडविच चावत म्हणायची, "आज राजा नाही, आज अपूर्णांक." आणि मान खाली.

दहा वर्षं असं चाललं. लॅनीच्या फिट बाराव्या वर्षी थांबल्या, पण तिला परत शाळेत घालायचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

आणि आता हा एफ.

"बस जरा," मी म्हणाले. "नक्की काय झालं ते सांग."

ती बसली नाही. पर्समधून तिनं एक वही काढली. "अकरावं प्रकरण, चौदावं गणित. जानेवारीत मी ते सोडवायला घेतलं. तीन दिवस केलं, आयडेल. माझं उत्तर उणे सहा यायचं आणि पुस्तकात मागे छापलेलं अधिक सहा. मला वाटलं, संपलं, इथून पुढे माझी अक्कल चालणार नाही. शेवटी हायस्कूलच्या गणिताच्या मास्तरांना गाठलं, गाडी लावतात तिथे. ओळख ना देख. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सोडवलं आणि म्हणाले, 'बाई, पुस्तक चुकलंय. तुम्ही नाही.'" हे सांगताना तिचे कान लाल झाले. मग तिनं वही माझ्यापुढे सरकवली. "आणि हे लॅनीचं."

चौदाव्या गणितासमोर लॅनीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, अधिक सहा. वर एकही पायरी नव्हती.

"उतरवलंय," व्हर्निस म्हणाली. "मग मी मागे मागे गेले. आठव्या प्रकरणापासून सगळं उतरवलंय. रविवारी समोर बसवून पाच गणितं घातली. एकही आलं नाही."

"सी लिही," मी म्हणाले. "डी लिही वाटल्यास. डी म्हणजे पास. तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचंय ना? कोण विचारणारे तिला अकरावं प्रकरण?"

"कुणीच नाही. म्हणून तर."

"व्हर्निस, ब्रदर हॉलिसना विचार. ते हेच म्हणतील." ब्रदर हॉलिस आमचे पास्टर आणि मुख्याध्यापकही.

"त्यांनी मला सांगितलं होतं की मी शिक्षिका आहे. आता नाही म्हणून सांगू देत त्यांना."

तेवढ्यात दार उघडून लॅनी आत आली. बाहेर गाडीत वाट बघून कंटाळली असावी. अठरा वर्षांची, उंच, आईसारखेच बारीक ओठ. तिनं वही पाहिली, फॉर्म पाहिला, आणि तिला समजलं.

"तू खरंच दिलास? मॉमा, मला वाटलं नुसती धमकी देतेयस!"

"उन्हाळ्यात करू आपण. आठव्यापासून."

"शनिवारी सगळे येणारेत! आँट रोवेना येणारे गॅड्सडेनहून!"

"तिला मी फोन केलाय."

लॅनी माझ्याकडे वळली. "मिस आयडेल, तुम्ही तरी सांगा ना हिला." मी काही बोलायच्या आत ती पुन्हा आईकडे वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "स्वतः नववी नापास, आणि मला नापास करतेस."

व्हर्निसनं वही मिटून पर्समध्ये ठेवली.

"नापास नाही," व्हर्निस म्हणाली. "सोडली. दोन्हीत फरक आहे." आणि तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी तो टाइप केला नाही. दोन दिवस तसाच ठेवून दिला. गुरुवारी ब्रदर हॉलिस आले, वाचून त्यांनी चष्मा काढला. "आयडेल, सी टाइप करून टाक की. पोरीचं भलं होईल." मी मशीनपुढे बसलेसुद्धा. एका अक्षराचा तर प्रश्न. पण डिप्लोमा मुलांच्या हातात देतात ते आई-बाप, ही आमची रीत. आणि तो डिप्लोमा व्हर्निसच्या हातात ठेवताना मी कुठे बघणार होते? मी तिला फोन लावला. "विचार बदलला का?" ती म्हणाली, "नाही. पुडिंग किती माणसांचं करू?"

शनिवारी दहा मुलांनी गाऊन घातले. दहा आयांनी डिप्लोमे दिले आणि सगळ्या रडल्या. व्हर्निस केळ्यांच्या पुडिंगचं मोठं भांडं घेऊन वेळेवर आली, शेवटच्या रांगेत बसली आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या. पुडिंग वाढताना एक बाई दुसरीला म्हणाली, जरा मोठ्यानेच, "पोटच्या पोरीचं असं करवतं तरी कसं?" व्हर्निसनं तिच्या ताटलीत आणखी एक डाव वाढला.

लॅनी त्याच आठवड्यात आत्याकडे गॅड्सडेनला निघून गेली. औषधांच्या दुकानात कामाला लागली. डॉयल ट्रक घेऊन तिकडून जायचा तेव्हा भेटायचा; आईशी मात्र ती बोलत नव्हती. उन्हाळा तसाच गेला.

सप्टेंबरच्या एका शनिवारी ती माझ्या दारात उभी. "मिस आयडेल, दुसरी परीक्षा देऊन समकक्ष सर्टिफिकेट मिळतं, आँट रोवेना म्हणते. कोर्सला चालतं ते."

"चालतं. सोपंही आहे."

ती चपलेनं जमीन टोकरत राहिली. "आणि इथलं पूर्ण करायचं असेल तर? पेपर कोण काढणार?"

"तुझी शिक्षिका."

"मी बोलत नाही तिच्याशी."

"पेपर बोलून काढत नाहीत, लिहून काढतात," मी म्हणाले.

मग तसंच सुरू झालं. व्हर्निस शुक्रवारी पाळीवर जाताना माझ्याकडे पाकीट देऊन जायची. शनिवारी लॅनी बस पकडून यायची, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून सोडवायची आणि पाकीट बंद करून जायची. सोमवारी व्हर्निस ते न्यायची. मी मधली टपालवाली. व्हर्निस लाल पेन्सिलीनं तपासायची आणि समासात लिहायची: 'पायरी दाखव.' 'उत्तर बरोबर, पण आलं कुठून?' 'चिन्ह बघ.' लॅनीही समासात उत्तर द्यायची, तिखट. 'दाखवली वर. चष्मा लाव.' व्हर्निस ते माझ्यासमोर वाचायची आणि ओठ दाबून म्हणायची, "खरंच होती गं वर."

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सोमवारी तिनं पाकीट उघडलं आणि वाचता वाचता हळूच खुर्चीत बसली. माझ्या ऑफिसात ती बसलेली मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तिनं कागद माझ्याकडे केला.

खाली, गणितं संपल्यावर, लॅनीनं लिहिलं होतं: 'आठव्या प्रकरणापासून मला समजेनासं झालं होतं. तुला विचारायला आले की तू टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असायचीस. अकराला सुटून घरी यायला तुला बारा व्हायचे आणि सहाला उठायचीस. उठवावंसं वाटलं नाही. मग उतरवलं.'

व्हर्निसनं लाल पेन्सिल घेतली, ठेवली, आणि माझ्या टेबलावरचं साधं पेन उचललं. पेन खूप दाबून तिनं एकच ओळ लिहिली: 'मला उठवायचं होतंस.' पाकीट चिकटवलं आणि गिरणीत गेली.

पुढच्या शनिवारी लॅनीनं ती ओळ वाचली. त्या दिवशी दुपारची बस तिनं सोडली आणि माझा फोन मागितला. मी चर्चमध्ये फुलं बदलायचं निमित्त करून बाहेर गेले. परत आले तेव्हा ती म्हणत होती, "नाही, तेराव्यातलं सातवं. हां. थांब, वही काढते."

डिसेंबरात शेवटचा पेपर झाला. शंभरात एक्क्याऐंशी. व्हर्निसनं बी लिहिलं. ए मला चाललं असतं, पण मी तोंड उघडलं नाही. डिप्लोमा टाइप करून ठेवला आणि दोघींना बुधवारी सकाळी बोलावलं. लॅनी गाऊन घालायला तयार नव्हती. "एकटीनं काय घालायचा, भुतासारखं वाटेल," म्हणाली. व्हर्निस चर्चला घालते तो करडा कोट घालून आली होती. तिनं डिप्लोमा दोन्ही हातांनी पोरीला दिला. लॅनीनं तो घेतला, आईच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, "मॉमा, हात किती गार आहेत तुझे." तेवढंच. मग तिची बस होती. जानेवारीपासून कोर्स, दुकानातली नोकरी तशीच, राहणं आत्याकडे. सुट्टीत येईन म्हणाली. ते तिनं पाळलंही.

व्हर्निस खिडकीशी उभी राहून बस वळेपर्यंत बघत होती. मग माझ्याकडे वळली. "अजून काही सही राहिलीये का?"

"नाही. झालं सगळं. तुझी फाइल बंद."

"हजेरी?"

"तीही झाली."

तिनं मान डोलावली. कोटाची बटणं लावली, निघाली असं वाटलं, पण दारापर्यंत जाऊन परत आली आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत होते.

"आयडेल," ती म्हणाली, "तीनच्या पाळीपर्यंत लोक काय करतात गं?"

मी कॉफी ओतली, तिच्यापुढे ठेवली, आणि नव्या मुलांच्या फॉर्मांचा गठ्ठा उगाचच चाळत बसले.