मुठीचं बी

साखरशेतची सुकी सकाळच्या जीपने जव्हारला गेली ती भांडायला नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर कंपनीवाल्यांनी गावभर केलं, की बाई ठरवूनच तमाशा करायला आली होती. ठरवून कसलं डोंबल! बाई आपलं बी परत आणायला निघाली होती.

बी म्हणजे मुठी नाचणीचं. पिकली की कणसाची बोटं आत वळतात, आवळलेल्या मुठीसारखी दिसतात, म्हणून मुठी. खडकाळ उतारावर येते, खत मागत नाही, आणि तिची भाकरी खाल्ली की माणूस संध्याकाळपर्यंत भुकेचं नाव काढत नाही. पाड्यावर सगळ्यांनी हळूहळू दुकानातल्या पिशवीचं बी धरलं. मुठी उरली एकट्या सुकीकडे, सासूकडून आलेली.

आणि बी विकायचं नसतं, द्यायचं असतं. मागायला येईल त्याला टोपलीभर द्यायचं. त्याने पेरायचं, आणि पीक आलं की आपल्या तोंडात घास घालायच्या आधी ती टोपली शिगोशीग भरून देणाऱ्याच्या दारात आणायची. कागद नाही, सही नाही. एका घरचं बी बुडालं तरी दुसऱ्या घरी ते जगलेलं असतं, म्हणून ही रीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिची भाची योगिता, पोशेरा गावच्या बहिणीची मुलगी, शहरातल्या एका कंपनीच्या मॅडमना घेऊन दारात आली. पोरगी शिकलेली, गळ्यात त्याच कंपनीचं ओळखपत्र.

"मावशी, कंपनी आपली जुनी बियाणी जपणार आहे," ती म्हणाली. "शेतं घेऊन पेरणार, वाढवणार. आपल्या लोकांशी भागीदारी करणार."

भाचीच्या शब्दावर सुकीने दोन टोपल्या भरून दिल्या आणि स्वतःला पेरायला एक ठेवली. मॅडम पैसे काढायला लागल्या तर तिने हात मागे घेतला. "बियाचे पैसे नसतात. पिकलं की आणून द्या." मॅडम हसून "नक्की" म्हणाल्या आणि तिचा फोटो काढून गेल्या.

पुढे कापणीच्या तोंडावर रानडुकरांनी सुकीचं शेत पार झोपवलं. मूठभरसुद्धा कणसं हाती लागली नाहीत. नवरा, ढवळू, बांधावर डोकं धरून बसला.

"रडतोस कशाला?" सुकी त्याच्यावर खेकसली. "बी बाहेर हाय आपलं."

ती वाट बघत राहिली. थंडी गेली, होळी गेली. फोन केला की योगिता म्हणायची, विचारते, सांगते, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. इकडे सुकीने पालापाचोळा जाळून रोपांसाठी राब भाजून ठेवला. मृग आठ दिवसांवर आला. तेव्हा निरोप आला, की जव्हारच्या हॉलमध्ये बियाणं जपणाऱ्या बायांचा सत्कार आहे, सुकीचा पहिला. तिला वाटलं, चला, तिथेच देतील बी.

हॉलमध्ये तीसेक बाया जमल्या होत्या. दाभोशाच्या, मोखाड्याकडच्या. प्रत्येकीने आपापलं बी आणलं होतं, कुणी मडक्यात, कुणी फडक्यात बांधून. गेल्या साली सुकीने दिलं तसंच आज या देणार होत्या. दाराशी एका टेबलावर ते मांडून ठेवलं होतं. आणि स्टेजवर, दरवाज्याएवढा मोठा, सुकीचा फोटो! तिला लाजल्यासारखं झालं. कुणी विचारलं होतं का तिला?

"सुकीताई आमच्या पहिल्या भागीदार," मॅडम माइकवर म्हणाल्या. टाळ्या झाल्या, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, वर बिस्किटांचा एक पुडा आला. पुड्यावरही तिचाच फोटो.

"माझं बी?" सुकीने विचारलं.

"हे काय ताई, तुमच्या हातातच आहे! तुमची नाचणी आता मुंबईत पोचली."

"ते नाय. पेरलं ते कुटं हाय?"

मॅडमनी माइकवर हात ठेवला. "पेरणीचा प्रकल्प पुढे ढकलला, ताई. शेतं मिळाली नाहीत. एवढा चांगला माल पडून खराब झाला असता, म्हणून पहिल्या बिस्किटांना वापरला."

"सगळा?"

"थोडाच तर होता."

दोन टोपल्या! त्यातून दोन शेतं उभी राहिली असती, पुढच्या साली सगळ्या पाड्याची. ती नाचणी यांनी दळली. लोणी-साखर घालून भाजली. माणूस उपाशी मरेल पण बियाला हात लावणार नाही, आणि या भरल्या पोटाच्या लोकांनी चहाबरोबर खाल्लं!

तिने स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या भाचीकडे बघितलं. "तुला ठाव होतं?"

योगिताची मान वर होईना. "संक्रांतीला कळलं, मावशी. नोकरी जाईल म्हणून..."

"वा गं वा! तुझी नोकरी राहिली, माझं शेत गेलं. संक्रांतीलाच बोलली असतीस तर दारोदार फिरले असते, कुणाच्या कणगीच्या तळाला चार दाणे मिळाले असते. आता मृगाच्या तोंडावर कुटं जाऊ?"

मग तिने मॅडमच्या हातातून माइक ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा धरलेला, पण आवाज जराही थरथरला नाही.

"बायांनो, माझं बी यांनी दळून खाल्लं. पेरतो म्हणून नेलं आणि खाल्लं. तुमचं अजून टेबलावर हाय."

दाभोशाची काळी नावाची बाई उठली, टेबलाशी गेली आणि तिने आपलं मडकं कमरेवर घेतलं. कंपनीचा एक माणूस आडवा आला. "बाई, नोंद झालीय, आता परत नेता येणार नाही."

"हात तर लाव, बघतेच!" काळी म्हणाली. तो बाजूला झाला. मागोमाग सगळ्या उठल्या. पाच मिनिटांत टेबल रिकामं.

मॅडमचा चेहरा उतरला होता. "ताई, भरपाई देऊ. तुम्ही गैरसमज करून घेताय. आम्ही तुमचा मनापासून आदर करतो."

"आदर?" सुकीने शाल काढून खुर्चीवर टाकली. "आदर असता तर दळायच्या आधी पाड्यावर आला असतात. गावात बसून विचारलं असतंत. आमी 'नाय' म्हटलं असतं, तर आमचं 'नाय' मानलं असतंत. भागीदार म्हणता आणि त्याला न विचारता त्याचं खाता, याला आमच्यात चोरी म्हणतात, मॅडम. तुमच्यात काय म्हणतात ते तुमी बघा."

परतीच्या जीपमधल्या बायांनी आपापल्या गाठी सोडल्या आणि सुकीच्या पदरात मूठ-मूठ बी घातलं. पांढरी नाचणी होती, तांबडी होती, लवकर येणारी होती. आख्ख्या जीपमध्ये मुठी कुणाकडे नव्हती. तेव्हा मात्र सुकी रडली, ढसाढसा, कुणाची लाज न धरता.

मृगाच्या आदल्या दिवशी ती राबावर बायांनी दिलेलं बी फेकत होती. तेवढ्यात ढवळू फोन घेऊन आला. योगिता होती.

"मावशी, फोन ठेवू नकोस. मॅडमनी विचारायला सांगितलंय. बिस्किटं हातोहात खपली. लोक म्हणतात, ही चव दुसऱ्या कुठल्याच नाचणीला नाही. तुझ्याकडे तीच अजून एक-दोन पोती असतील का? म्हणशील तो भाव देतील."

सुकीला आधी हसूच फुटलं, आणि मग कानशिलं तापली.

"तुझ्या मॅडमला सांग," ती म्हणाली, "चव नीट ध्यानात ठेवा म्हणावं. पुन्हा नाय मिळायची. तुमालाबी नाय, आमालाबी नाय."