आपणहून आलेली गिऱ्हाइकं

सभागृहातल्या दोनशे खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. उशिरा आलेली माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. मंचावरच्या पडद्यावर एक भलंमोठं शून्य होतं आणि त्या शून्याकडे तोंड करून, डोळे मिटून सर उभे होते.

"तुमचं गिऱ्हाईक या क्षणी कुठं बसलंय, कशावर चिडलंय, त्याला काय हवंय, हे तुम्हाला ठाऊक नाही," सर डोळे न उघडताच बोलू लागले. "पण यंत्राला ठाऊक आहे. यंत्र झोपत नाही. यंत्र विसरत नाही. यंत्राला एकच गोष्ट लागते. काय?"

"विश्वास!" सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं.

ऑनलाइन दुकान चालवणारी ही सगळी मंडळी. कोणी साबण विकायचं, कोणी पडदे, कोणी खेळणी. सर त्यांच्या जाहिराती इंटरनेटवर लावून द्यायचे; कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या संगणकाला ते यंत्र म्हणायचे. जाहिरातीवर कोणी बोट टेकवलं की दुकानदाराच्या खात्यातून पैसे जायचे. दर बोटाला पैसे.

त्या दिवशी सरांनी जोडेवालीला मंचावर बोलावलं होतं. एक पाय लहान, एक मोठा, अशा माणसांसाठी ती मापाप्रमाणे जोडे शिवायची.

"आता सगळ्यांनी मोबाइल काढा," सर म्हणाले. "या ताईंच्या दुकानाचं नाव टाकून शोधा. सगळ्यात वर जाहिरात दिसेल. खरी आहे का खोटी, हात लावून बघा!"

टिंग. पडद्यावरच्या शून्याचा एक झाला. टिंग, टिंग, टिंग. मिनिटभरात आकडा एकशे त्रेचाळीसवर गेला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मागच्या एका बाईंनी तर डोळे पुसले. जोडेवालीने सरांना वाकून नमस्कार केला, पण हसताना तिचे ओठ कोरडे पडले होते.

तिची नणंद भिंतीपाशी उभी होती. शाळेत विज्ञान शिकवायची. घरी जाताना बसमध्ये ती जोडेवालीशेजारी बसली. मग म्हणाली, "वहिनी, त्यातली एक घंटा मी वाजवली."

"म्हणजे?"

"त्यांनी सांगितलं म्हणून नाव टाकलं, बोट टेकवलं, टिंग झालं. मी काय तुझं गिऱ्हाईक आहे? शेजारच्या माणसाने तीनदा टेकवलं. त्या टाळ्यांचे पैसे तूच भरलेस."

 जोडेवालीलाही ते कळलं होतं, पण कळून उपयोग काय? सात महिन्यांपूर्वी तिने सरांशी वर्षभराचा करार केला होता. जाहिरातीवर जितका खर्च होईल त्याचा पाचवा हिस्सा सरांची फी, आणि खर्च झाला नाही तरी एक किमान फी ठरलेलीच. त्यामुळे सरांचा सल्ला दर महिन्याला एकच असायचा: खर्च वाढवा. जाहिरातीचं खातंही सरांच्याच नावावर. महिनाअखेरीला रंगीत अहवाल यायचा. साठ ऑर्डरी आल्या, त्यातल्या चोपन्न यंत्राने आणल्या. चोपन्न! हा आकडा वाचला की ती वजाबाकी करायची. यंत्र थांबलं तर उरल्या सहा.

"बंद केलं की यंत्र रुसतं," असं सर बजावायचे. "शिकलेलं सगळं विसरतं. एका पडदेवाल्याने माझं न ऐकता बंद केलं. तीन महिन्यांत दुकानाला कुलूप!" तो पडदेवाला कोणी पाहिला नव्हता, पण धसका सगळ्यांनी घेतला होता.

खर्च भागवायला जोडेवालीने जोड्याची किंमत दोनदा वाढवली. चामडं कापायला येणाऱ्या मावशींना अर्ध्या दिवसावर आणलं. नवरा बदलीच्या गावी. त्याला फोनवर "छान चाललंय" एवढंच सांगायची.

दोन दिवसांनी दुपारी एका आईचा फोन आला. नणंद तिथेच खोके बांधत बसली होती.

"मागच्या वर्षीच्या किमतीत नाही का होणार? पोरीचा पाय वाढलाय हो. जुना जोडा चावतो तिला."

"नाही जमणार," जोडेवाली म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाची तिला लाज वाटली.

नणंदेने खूण केली. "त्यांना विचार, आपलं दुकान सापडलं कसं?"

"कसं म्हणजे?" ती आई म्हणाली. "व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी कागदावर नाव लिहून दिलं होतं. आताही तेच नाव टाकलं, पहिलं जे आलं त्यावर टेकवलं."

फोन ठेवल्यावर नणंद म्हणाली, "ही बाई कोणी आणली? डॉक्टरबाईंनी. आणि सरांच्या अहवालात ती कोणाच्या नावावर जाणार?"

"यंत्राच्या."

"दुकानाच्या दारात एक माणूस बसलाय. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देतो आणि मग सांगतो, एवढी सगळी माझ्या चिठ्ठीमुळे आली. वहिनी, ही माणसं आपलं नाव घेऊनच निघाली होती. चिठ्ठी नसती तरी आलीच असती."

"कशावरून?"

"हा खरा प्रश्न! बंद करून बघू. चौदा दिवस."

 जोडेवालीने सरांना भीत भीत फोन केला. निम्म्या जिल्ह्यांत तरी जाहिरात थांबवा, नुसतं बघायचंय म्हणाली.

"ताई, बघायचंय?" सर दुखावल्या आवाजात म्हणाले. "आईवर प्रयोग करतं का कोणी? यंत्राला संशय चालत नाही. एकदा का ते बिथरलं, की मी हात वर करणार. मग रडत येऊ नका."

खातं त्यांचं, किल्ल्या त्यांच्या. पण पैसे ज्या कार्डातून जायचे ते कार्ड जोडेवालीचं होतं. नणंदेने तिला बँकेत नेलं आणि कार्ड बंद करून आणलं. जाहिरात त्याच दिवशी थांबली.

पहिले तीन दिवस एकही ऑर्डर आली नाही. जोडेवाली शिवणयंत्रापाशी बसायची, टाका चुकायचा, उसवून पुन्हा घालायची. फोन उचलून बघायची, ठेवायची. तीन दिवस कोरडे याआधीही गेले होते, पण तेव्हा तिने ते मोजले नव्हते. चौथ्या दिवशी सरांचा फोन. "आग लावलीत तुम्ही स्वतःच्या दुकानाला! आजच्या आज कार्ड सुरू करा, अजून वाचवता येईल."

तिचा हात पर्सकडे गेलाच होता. नणंद एवढंच म्हणाली, "अजून दहा दिवस आहेत. दहा दिवसांनीही कार्ड सुरू करता येईल."

त्या संध्याकाळी दोन ऑर्डरी आल्या. दुसऱ्या दिवशी चार. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारू लागली, कसं कळलं? डॉक्टरबाईंनी सांगितलं. आत्याच्या मुलाने घेतला होता. मागचाच जोडा पुन्हा हवाय. चौदा दिवस भरले तेव्हा सत्तावीस ऑर्डरी झाल्या होत्या. आधीच्या चौदा दिवसांत, जाहिरात जोरात चालू असताना, एकोणतीस.

"दोनचाच फरक!" जोडेवालीने आकडे पुन्हा मोजले. तिला आनंद झाला नाही. सात महिने आपण कुलूप नसलेल्या पिंजऱ्याचं दार आतून धरून बसलो होतो, असं तिला वाटलं.

"एवढ्याने सिद्ध झालं असं नाही म्हणणार मी," नणंद म्हणाली. "प्रयोग छोटा आहे. पण चोपन्नाची गोष्ट खोटी, एवढं नक्की."

पुढच्या सभेला दोघी गेल्या. मंचावर या वेळी साबणवाली होती. पडद्यावर शून्य. सरांनी "मोबाइल काढा" म्हणायच्या आत जोडेवाली उठली. 

"सर, आज मोबाइल काढायला नका सांगू. सगळ्यांना ते उलटे ठेवू द्या. यंत्राला सगळं ठाऊक आहे ना? मग ते बाहेरची गिऱ्हाइकं आणेल."

सर हसले. "ताई, संशय..."

"एक मिनिट, सर. एकच."

का कोण जाणे, लोकांनी मोबाइल उलटे ठेवले. शून्य हललं नाही. अर्धं मिनिट गेलं. मग एकदा टिंग झालं आणि मागच्या रांगेतल्या एकाने हळूच मोबाइल खिशात टाकला. आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग बरेच जण हसले.

जोडेवालीने मग सगळं सांगितलं: स्वतःच्याच नावावरची जाहिरात, दारातली चिठ्ठी, सत्तावीस आणि एकोणतीस. नणंद शेवटी बोलली. "जाहिरात म्हणजे भोंदूपणा नव्हे. जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोचते, आणि त्या कामाचे पैसे जरूर द्यावेत. पण किती आले, एवढंच विचारू नका. जाहिरात नसती तर किती आले असते, तेही विचारा. आणि जो म्हणतो की थांबवून बघू नका, त्याच्याकडे तर नक्की थांबवून बघा."

चाळीसेक माणसं उठून गेली. बाकीची बसून राहिली. एक गृहस्थ जोडेवालीवर खेकसले, "सरांचा अपमान करता? आमचं यंत्र रुसलं तर तुम्ही भरून देणार का?"

करारातून जोडेवाली काही लगेच सुटली नाही. उरलेले चार महिने ठरलेली किमान फी तिला द्यावीच लागली आणि जुनं खातंही परत मिळालं नाही. तिने स्वतःच्या नावावर नवं उघडलं. ते बघायला एक बाई मिळाली. ती कामाच्या तासांचे ठरलेले पैसे घेते, खर्च वाढला म्हणून तिची फी वाढत नाही. तिने पहिल्याच दिवशी दुकानाचं नाव टाकून शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवणं बंद केलं आणि "एक पाय लहान, जोडा कुठे मिळेल" असं शोधणाऱ्यांनाच जाहिरात दिसेल असं केलं. महिन्याला आठ-नऊ जण येतात त्यातून. पण ते खरोखर अनोळखी असतात. जोड्याची किंमत जोडेवालीने खाली आणली आणि त्या आईला स्वतःहून फोन केला.

एके दिवशी साबणवाली जोडेवालीच्या कारखान्यात आली. स्टुलावर अवघडून बसली.

"तुमचं सगळं पटलं मला," ती म्हणाली. "घरी जाऊन दहा वेळा बँकेला फोन लावायला घेतला. पण दर वेळी ठेवून दिला हो. खरंच सगळं बंद पडलं तर? ही भीती जाणार कशी?"

जोडेवालीने एक कोरी वही आणि पेन तिच्यापुढे ठेवलं.

"माझीसुद्धा गेली नाही अजून," ती म्हणाली. "भीती वाटत असतानाही मोजता येतं. घ्या, आजची तारीख घाला."